न्यूरा, ओ दे

चैत लागला की आमच्या भिलाईतल्या वैशाली नगरच्या घराच्या गच्चीवर सावरीचा कापूस यायला लागतो. झाड कुठं आहे ते मला अजून सापडलेलं नाही. या भागात इतकी घरं झाली की सावरीचं झाड कुठं शिल्लक असेल असंही वाटत नाही. पण कापूस येतो. भर दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना येतो आणि कुंड्यांत, वाळत घातलेल्या पापडांवर, माझ्या मांडीवर बसतो. सून वैतागून झाडू घेते. मी म्हणते, राहू दे गं थोडा. ती म्हणते, "आई, पूरा घर भर जाएगा." दोघींचंही बरोबर असतं.

यंदा कापूस आला त्याच दुपारी माझी नात जुई कानातले इयरफोन काढून माझ्याजवळ आली. अकरावीत आहे. शाळेत स्पॅनिश घेतलंय, तेही वरच्या पातळीचं. तिथली भाषा, तिथली गाणी, तिथले सण, असं सगळं शिकवतात म्हणे. "आज्जी, आज से मेरा नाम इसाबेल. क्लास में सबको नया नाम मिला. मस्त आहे ना?" आमच्या घरात मराठी आता अशी वाक्याच्या शेपटीलाच उरली आहे. मी विचारलं, "कोणाचं नाव आहे ते?"

"किसी का नहीं, आज्जी. बस नाम है."

ती गेली. मी गच्चीवरच बसून राहिले. कोणाचंच नसलेलं नाव मी तरी अजून पाहिलेलं नाही. मलाही एकदा वर्गात असंच एक नाव मिळालं होतं, आणि त्या नावाला मी ओ द्यायची की नाही, एवढ्या एका गोष्टीवरून आमच्या घरात एक आख्खा चैत कोणी नीट जेवलं नव्हतं.

त्याआधी माझी दोन नावं झाली होती. मायची माझ्या आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून मी झाले तेव्हा भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात मला उकिरड्यावर नेऊन ठेवलं. मायनंच पुढं होऊन विचारलं, "कोनाचं हाये हे?" बाया म्हणाल्या, कोनाचंच नाही, टाकलेलं हाये. "मंग माह्यं," असं म्हणून तिनं मला उचललं आणि नाव ठेवलं कचरी. मरण दाराशी आलंच तर त्याला वाटावं, हा तर कचरा, कशाला न्यायचा. मरणही माणसांसारखंच नखरेल असणार, असा तो हिशोब. मी जगले, त्यामुळे त्याला खोटं तरी कसं म्हणू?

पुढं दीक्षा झाली. बा म्हणाला, आता असली नावं नाहीत. शाळेत नाव घातलं करुणा. घरातले टाक गेले, अंगारे गेले, उतारे गेले. मायनं सगळं मनापासून सोडलं, आणि कोणी चोरून करताना दिसलं तर तिला दोन शब्द ऐकवायलाही ती कमी करायची नाही. फक्त एक गोष्ट तिच्याच्यानं सुटली नाही. तिन्हीसांजेला किंवा भर दुपारी बाहेरून कोणी नाव घेतलं, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. "मानूस असन तं तीनदा बलावन," ती म्हणायची. "दुसरं काही असन तं एकदाच बलावते अन् कान लावून बसते." बा हसायचा. पण ड्युटीवरून येताना कोणी मागून हाक मारली, तर तोही लगेच वळायचा नाही. हे मी स्वतः पाहिलंय.

बा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, कोळसा भाजायच्या कोक ओव्हनला लागला होता. आमचं क्वार्टर मरोद्याच्या अंगाला. तेव्हाची भिलाई अर्धी उभी आणि अर्धी खणलेली होती. एका दिशेला सरळ रस्ते, नवे दिवे, एकसारखी घरं. दुसऱ्या दिशेला नुसती लाल माती, आणि मधूनच बांध तुटलेलं एखादं शेत, ज्यात कोणी काही पेरत नव्हतं. भोंगा झाला की माणसं जायची, भोंगा झाला की यायची. संध्याकाळी स्लॅग, म्हणजे लोखंडाचा वितळलेला मळ, ओतत तेव्हा सगळं आभाळ लाल व्हायचं आणि आमच्या सावल्या भलत्याच बाजूला पडायच्या. नव्या आलेल्या बाया घाबरायच्या. आम्ही पोरी मात्र त्या उजेडात अभ्यास उरकून घ्यायचो. सवय ही मोठी विचित्र गोष्ट आहे.

आमच्या शाळेच्या जागी आधी एक गाव होतं. कारखान्यासाठी उठवलेल्या गावांपैकी. मैदानाच्या कोपऱ्यात बुजवलेली विहीर होती आणि तिच्यावर गवत कधी उगवायचं नाही. चैतात एक छत्तीसगढी म्हातारी यायची. मैदानाच्या मधोमध, जिथं आमची कवायतीची रांग लागे, तिथं एका ठरलेल्या जागी पाणी शिंपडायची आणि मोठ्यानं हाका मारायची. एकदा आमच्यातल्या कोणीतरी विचारलं, "काला बलावत हस, दाई?" म्हणजे कोणाला बोलावते आहेस. ती म्हणाली, "अपन घर ला." आणि मान तिरकी करून उभी राहिली. आम्ही हसलो नाही. ती तिथून हलेपर्यंत त्या जागेवर पाय द्यायचा नाही, हे कोणी न शिकवता सगळ्यांना कळलं होतं.

अशा या शाळेत आम्ही रशियन शिकत होतो. कारखाना रशियन लोकांच्या मदतीनं उभा राहत होता. रशियन येणाऱ्याला दुभाष्याची नोकरी पक्की, असं सगळे म्हणत. पहिल्या वर्षी वर्ग खच्चून भरला. मग विभक्त्या आल्या. आपल्या आठ आणि त्यांच्या सहाच, म्हणजे फायद्याचाच सौदा. पण त्या सहांनी भल्याभल्यांना घाम फोडला. वरच्या वर्गापर्यंत पोचलो ते आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यात मुलगी मी एकटी.

शिकवायला गालिना इव्हानोव्ना होत्या. एका रशियन इंजिनियरची बायको. उंच, हाडापेरानं मजबूत, राखाडी डोळ्यांच्या. हिंदी मोडकं बोलायच्या, पण त्यांना सगळं समजायचं. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात पाण्याचा नळ होता. तो ठिबकायला लागला की त्या वाक्य अर्धवट टाकून बाहेर जायच्या आणि तो घट्ट बंद करायच्या. बंद झाल्यावरही त्यांचा हात जरा वेळ नळावर तसाच असायचा. मग आत येऊन अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायच्या. आम्हाला वाटायचं, परदेशी माणूस, पाणी वाया गेलेलं बघवत नसेल.

शनिवारी संस्कृतीचा तास असे. काळा चहा आणि त्यात जॅम. प्रवासाला निघण्याआधी सगळ्यांनी गप्प बसायचं, मग उठायचं. उंबरठ्यावरून हातात हात द्यायचा नाही, वस्तू द्यायची नाही. घरी येऊन मी हे सांगितलं की माय खूश व्हायची. "आपल्यावानीच हायेत ना वो ते," ती म्हणायची. "गोरे झाले म्हनून का झालं?" प्रवासाआधी बसण्याची रीत तर तिला फारच पटली. "बरोबर हाये. जीव मागं घुटमळत असन तं त्याले याले येळ भेटते."

वरच्या वर्गात गेल्यावर बाईंनी आम्हा सगळ्यांना रशियन नावं दिली. तिकडं नावापुढं बापाचं नाव येतं, अगदी आपल्यासारखं. शंकर साहूचा मुलगा 'शंकरोविच' झाला आणि वर्ग हसून हसून लोळला. सगळ्यांना आपापल्या बापाची नावं मिळाली. माझी पाळी आली तेव्हा बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "न्यूरा. न्यूरा स्तेपानोव्ना."

घरी बाला सांगितलं. बा जेवता जेवता थांबला. "माह्यं नाव देवराव हाये. हा स्तेपान कोन?" मी दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सुनने में अच्छा है." आणि फळ्याकडे वळल्या.

त्या वर्षीच्या तोंडी परीक्षेला एक विषय नक्की असे, 'माझं लहानपण'. रशियन माणूस बोलतो तसं बोलायचं, म्हणून बाईंनी प्रत्येकाला रशियन लहानपण रचून दिलं. शंकरोविचच्या वाट्याला नदीकाठ आणि मासे आले. मला मिळालं एक लाकडी घर. निळ्या चौकटीच्या खिडक्या, भिंतीइतकी मोठी भट्टी, तिच्यावर झोपणारी आजी, दाराशी बर्फ. बर्फ मी जन्मात पाहिला नव्हता. बाईंनी चैतातल्या एका दुपारी खिडकीतून आत आलेला सावरीचा कापूस ओंजळीत धरला आणि म्हणाल्या, "स्नेग. ऐसा. लेकिन ठंडा." बाहेर ऊन भाजत होतं आणि वर्गात हा असा गरम बर्फ पडत होता. मी डोळे मिटून म्हटलं, मी न्यूरा, आमच्या दाराशी बर्फ आहे. माझे पाय खरोखर गार पडले.

हे सगळं पाठांतराचं म्हणावं तर तसंही नव्हतं. बाईंनी एकदा मला ते घर फळ्यावर काढायला सांगितलं. मी घर काढलं, खिडक्या काढल्या, आणि डाव्या हाताला एक विहीर काढली, वर लांब आडवा दांडा असलेली. बाई खडूच्या त्या रेघांकडे पाहत राहिल्या. "दांडा किसने बताया?" त्यांनी हळूच विचारलं. मला वाटलं, त्यांनीच कधीतरी सांगितलं असेल. आजही मी स्वतःला तेच सांगते.

ते नाव माझ्यात किती मुरलंय हे मायला कळलं ते एका दुपारी. बोर्डाचे पेपर संपले होते आणि रशियनची तोंडी राहिली होती. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. रस्त्यावरून हाक आली, "न्यूरा!" एकदाच. मी सूप टाकलं आणि धावले. बाईच होत्या. पुस्तक द्यायला आल्या होत्या. बोलून परत आले तर माय सांडलेल्या तांदळाशेजारी उभी होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"पहिल्याच हाकेले गेली तू."

"बाई होत्या, माय."

"कोन होतं ते मी नाही विचारून राहिली. तू कावून गेली? कचरे म्हनून मी दिवसभर वरडतो तं हालत नाहीस. अन् ते नाव घेतल्याबरोबर वाऱ्यावानी गेली." मग ती खाली बसून तांदूळ गोळा करायला लागली आणि आवाज एकदम खाली आला. "ते नाव कोन्या पोरीचं हाये. ते पोरगी नाही आता. मले समजते ते. मी लेकरं गमावेल बाई हावो, मले नाही समजन तं कोनाले समजन?"

बानं समजावलं. परीक्षा आहे, नोकरीचा प्रश्न आहे, शिकवण्याची ती एक पद्धत आहे. माय ऐकून घेत होती, पण बधत नव्हती. "नोकरीले घेऊन का करू, पोरगीच दुसऱ्याची झाली तं?" शेवटी तोड निघाली ती अशी की वर्गात त्या नावाला ओ द्यायची, वर्गाबाहेर नाही. कोणीही हाक मारो, कितीदाही मारो. मी कबूल केलं. त्या दिवसापासून दुपारी दार लावून घेतलं जाऊ लागलं, आणि मायचं जेवण निम्म्यावर आलं. मीही जेवत नव्हते. मला भीती मायच्या रागाची नव्हती. हाक आली तर मी थांबू शकेन की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं.

तोंडी परीक्षेला रशियन वसाहतीतून एक परीक्षक आले होते. जाड चष्मा, कपाळावर घाम. बाई खिडकीशी बसल्या होत्या. मी उभी राहून सुरू केलं. निळ्या खिडक्या झाल्या, भट्टी झाली, आजी झाली, बर्फ झाला. परीक्षक माना डोलावत होते. मग त्यांनी पाठात नसलेला प्रश्न विचारला. या घरातून निघाल्यानंतरची पहिली आठवण कोणती?

त्याचं उत्तर आम्ही तयार केलेलं नव्हतं. घरातून निघाल्यानंतरची आठवण म्हणून मला एकच माहीत होती, ती माझी स्वतःची. आम्ही गाव सोडून भिलाईला आलो तेव्हा दुर्गच्या स्टेशनावर खूप गर्दी होती. बा पुढं गेलेला. एक गाठोडं डब्यात राहिलं म्हणून मायनं मला नळापाशी उभं केलं, माझी मूठ नळावर आवळली आणि म्हणाली, सोडू नको, मी येते. मी ते रशियनमध्ये सांगितलं. स्टेशन आहे, माणसं धावत आहेत. आई मला नळाशी उभं करते. लोखंड गार आहे. पाणी ठिबकतं आहे आणि माझा डावा बूट भिजला आहे. खरं तर मी तेव्हा अनवाणी होते, पण न्यूरा अनवाणी कशी असेल, म्हणून बूट म्हटलं.

खिडकीशी काहीतरी पडलं. बाईंच्या हातातला पाण्याचा ग्लास. त्या उठून माझ्यासमोर आल्या होत्या. परीक्षा, परीक्षक, काही त्यांच्या ध्यानात नव्हतं. "डावा?" त्यांनी रशियनमध्ये विचारलं. "आणि मग? मग तू काय केलंस?"

मी म्हणाले, "मी सोडला नाही."

त्यांनी माझे दोन्ही हात उलटे करून तळवे पाहिले. जणू तिथं लोखंडाचा वळ असणार होता. बाहेर व्हरांड्यातला नळ ठिबकत होता आणि त्या दिवशी तो बंद करायला कोणी गेलं नाही.

त्याच संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. दार वाजवलं, हाक मारली नाही. मायनं पाट दिला, पाणी दिलं. त्या मायशी बोलायला आल्या होत्या आणि दोघींच्या मधे भाषा फक्त माझ्याजवळ होती. पुढं कारखान्याच्या भाषांतर विभागात माझी सगळी नोकरी झाली. मोठमोठ्या साहेबांच्या बैठकीत मी बसले. पण त्या संध्याकाळइतकं अवघड भाषांतर मला कधी करावं लागलं नाही. दुभाष्यानं समोरच्याचं 'मी' हे 'मी' असंच सांगायचं असतं, हे मला शिकवलेलं होतं. म्हणून मी मायकडे पाहून बोलत गेले. "माझी मुलगी होती. न्यूरा. तिचा बाप स्तेपान लढाईत गेला. शहर सोडून पळताना स्टेशनावर मी तिला नळापाशी उभं केलं. भाकरी आणायला गेले. तिला सांगितलं, सोडू नको, मी येते. वरून विमानं आली. मी परत आले तेव्हा नळ होता. पाणी ठिबकत होतं. ती नव्हती. मेलेल्यांत नव्हती, जिवंतांत नव्हती. नळाखाली एक बूट होता. डावा. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आत्ताच्या नवऱ्यालाही नाही."

माझ्याच तोंडून माय हे ऐकत होती. बाहेर स्लॅग ओतला गेला आणि खोली लाल झाली. तिघींच्या सावल्या भिंतीवर एकात एक मिसळल्या. कोणाची कुठली ते कळेना.

"म्या बी तेच सांगतलं होतं दुर्गले," माय म्हणाली. "मी येते म्हनून. मी आली. माह्या नशिबानं आली." मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "तिले सांग. तुह्यं दुःख मले समजते, बाई. पन हे पोरगी माही हाये. उकिरड्यावरून उचलेली हाये मी. हे तुही न्यूरा नाही."

मी सांगितलं. बाई मान हलवत राहिल्या. "दा, दा." हो, हो. "मला माहीत आहे. मला फक्त एक ऐकायचं आहे. मी इतकी वर्षं हाक मारते आहे. कोणी ओ देत नाही."

मी तेही मायला सांगितलं. माय उठून चुलीकडे गेली. तिनं नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. बाई पाणी पिऊन निघाल्या. निघताना उंबरठ्याच्या आत उभं राहूनच त्यांनी मायचा हात हातात घेतला.

थोड्याच दिवसांत त्यांच्या नवऱ्याची मुदत संपली. दुर्ग स्टेशनाला जाणारी बस रशियन वसाहतीतून सुटायची होती. मी पास झाले होते, चांगल्या गुणांनी. निरोपाला जायचं म्हटलं तर माय म्हणाली, "मी बी येतो." भर दुपार होती. रस्त्याच्या कडेला सावरीची रांग होती, सगळी बोंडं फुटलेली. हवेत इतका कापूस होता की समोरचं माणूस मधूनच पुसट व्हायचं. बसमध्ये चढण्याआधी सगळे ट्रंकांवर बसले. कोणी बोललं नाही. माझी माय खाली मातीत बसली, हात मांडीवर ठेवून. एवढी माणसं असून इतकी शांतता मी पुन्हा ऐकलेली नाही. माय आपल्या शेजारची मोकळी जागा पुन्हा पुन्हा बघत होती. नंतर मी विचारलं, काय बघत होतीस? म्हणाली, "कोनी आलं का ते."

मग सगळे उठले. बस सुरू झाली. बाई खिडकीशी होत्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. माझ्या बाजूनं, थोडं मागं, जिथं कापूस दाट होता तिकडं बघत होत्या. तिकडंच त्यांनी हाक मारली, "न्यूरा!"

मायनं माझं मनगट धरलं. मी दात आवळून उभी राहिले. माझ्या अंगातलं सगळं रक्त त्या हाकेच्या दिशेनं ओढ घेत होतं. ही अतिशयोक्ती नाही. मला पुढं पडल्यासारखं झालं. बस हलली.

"न्यूरा!" दुसरी हाक. आवाज तुटला होता. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, कोणाला तरी वर ओढून घ्यावं तसा.

तिसरी हाक आली नाही. त्यांचं तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. आणि मायच्या हाताची पकड सुटली.

"दे ओ," ती म्हणाली. "दे ना वो, कचरे. माय हाये ते."

मी ओरडले. "या ज्द्येस!" मी इथं आहे. एवढंच. माझा आवाज मला माझा वाटला नाही. फार लहान वाटला. बाईंचं तोंड तसंच उघडं राहिलं, आणि मग त्या हसल्या. त्यानंतर बस कापसात गेली. त्या मला पुन्हा कधी भेटल्या नाहीत.

घरी परतताना माय एकदम रस्ता सोडून वळली. रुआबांध्याच्या वाटेला वसाहतीचा कचरा टाकायचे तो ढीग होता. "बस," ती म्हणाली. मी अकरावी पास, रशियनमध्ये पहिली, इस्त्रीचा स्कर्ट घातलेली. "माय, काहीतरीच काय!" "बस म्हनतो ना. टाइम नाही." तिचा आवाज ऐकून मी बसले. राख, सालपटं, चिंध्या. वरून कापूस पडत होता. ती थोडी दूर गेली, इकडं तिकडं पाहिलं, आणि कोणीच नसलेल्या त्या रस्त्याला मोठ्यानं विचारलं, "कोनाचं हाये हे?"

कोणी बोललं नाही. ती थांबली. खूप वेळ थांबली. मला वाटलं, आता कोणीतरी उत्तर देईल. मला तेव्हा जितकी भीती वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नाही.

"कोनाचंच नाही? मंग माह्यं," ती म्हणाली, आणि दोन्ही काखांत हात घालून तिनं मला, तिच्यापेक्षा उंच झालेल्या पोरीला, उचलून उभं केलं. माझे कपडे झटकले. रडत होती. "तुह्या बाले सांगू नोको," म्हणाली. दीक्षेनंतर तिनं केलेली ती एकच चोरी. बा गेला तरी मी सांगितलं नाही. त्या रात्री आम्ही दोघी पोटभर जेवलो.

माय जाऊन आता फार वर्षं झाली. कचरी म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नाही. करुणाताई, करुणाबाई, आई, आज्जी म्हणणारे आहेत. पण चैतातल्या दुपारी कापूस आला आणि गल्ली सुनसान झाली, की कुठूनतरी ते तिसरं नाव येतं. एकदाच. मी कधी ओ देत नाही. भीती वाटते ती मरणाची नाही, त्याची तर आता ओळखच झाली आहे. भीती एवढीच की ओ दिली, तर उकिरड्यावरून उचलून घ्यायला माय नाही.

यंदाही आली. जुई नवं नाव सांगून आत गेली होती. गच्चीवर कापसाचा थर झाला होता, मी खालीच बसले होते, भिंतीला टेकून. हाक आली. मी थांबले. पुन्हा आली, तुटलेली. याआधी दुसरी कधी आली नव्हती. मी तिसरीची वाट पाहिली आणि मला बाईंचं ते उघडं तोंड आठवलं. तिसरी येणार नव्हती. ती कधी येणारच नसते. मी म्हटलं, हळूच, "या ज्द्येस."

कापूस पडत राहिला. मला उठवेना. पाय गार पडले होते.

"आज्जी!" जुई दारात होती. "किससे बात कर रही हो? और इतने कचरे में कौन बैठता है?" मी काही बोलायच्या आत ती आली, दोन्ही काखांत हात घातले आणि मला उचलून उभं केलं. केसांतला कापूस काढला. "चल, घरात चल," ती मराठीत म्हणाली.